चार दिवसांचं अंतर

डिसेंबर लागला की पुण्यात प्रत्येक जण हवामान खात्यातून निवृत्त झाल्यासारखा बोलायला लागतो. पाषाणला किती, शिवाजीनगरला किती, आणि वर "आमच्या लहानपणी याच्या निम्मं असायचं" हे ठरलेलं. मला आकड्यांशी कर्तव्य नाही. सकाळी जिन्यातून पहिली शिंक ऐकू आली की माझ्यापुरती थंडी आली. खालच्या मजल्यावरचे काका सहाला फिरायला निघतात, दार ओढून घेतात आणि शिंकतात. मी चहाचा कप हातात तसाच धरून ऐकत राहते. ओली की कोरडी? एकटीच, की मागून आणखी दोन? शिंकेनंतर छातीत घरघर आहे का? आई पेपरामागून म्हणते, "अगं, तो माणूस आहे. त्याच्या जिभेला हात घालायला जाऊ नकोस."

मी कोंबड्यांची डॉक्टर आहे. हे वाक्य मी वीस वर्षं न लाजता उच्चारते आणि वीस वर्षं समोरचा माणूस हसतो. आई जन्मभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे ती हसत नाही, सरळ शेरा मारते. नातेवाइकांना माझी ओळख करून देताना म्हणते, "हिचे एका वेळी चार हजार पेशंट असतात. एकाचंही नाव विचारू नका."

लोकांची थंडी म्हणजे हुरडा, शाल, तिळाचे लाडू. माझी थंडी म्हणजे भाताच्या तुसाचा कोरडा, किंचित गोड वास. पत्र्याच्या रिंगणात टांगलेले पिवळे दिवे आणि त्यांच्याखाली पसरलेली पिल्लं. पिल्लं दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढली तर त्यांना गारठा लागलाय, कडेला पळाली तर उकडतंय, आणि सगळीकडे सारखी विखुरली असतील तर डॉक्टरनं तोंड बंद ठेवून चहा प्यावा. गोणपाटाचे पडदे दवानं जड झालेले असतात. ते सकाळी गुंडाळताना बोटं बधिर होतात आणि दहा मिनिटांनी आत ब्रूडरजवळ, म्हणजे त्या दिव्यांच्या उबेत, त्याच बोटांना घाम फुटतो. या मोसमावर माझं मनापासून प्रेम आहे, आणि याच मोसमात मी माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक केली.

त्याला सहा-सात वर्षं झाली असतील. वाघोलीच्या पलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की मंदाताईंची शेड होती. मंदाताई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र दोन शेडपलीकडे पोचेल असा. नवरा गेल्यानंतर चार हजार पक्ष्यांचा सगळा पसारा त्यांनी एकटीनं उचललेला. आमची कंपनी पिल्लं, खाद्य, लस आणि डॉक्टर पुरवायची, ताई पक्षी वाढवायच्या, आणि साधारण चाळिसाव्या दिवशी गाडी येऊन ते घेऊन जायची. डॉक्टर म्हणजे मी.

लसीकरणाची मंदाताईंची एक स्वतःची रीत होती. लसीच्या पाण्यात निळा रंग असतो. पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकला की तो आतल्या आत नाकातून घशात उतरतो आणि जीभ निळी होते. आम्ही शंभरात चार-पाच पिल्लांची जीभ बघून पुढे जातो. ताईंना ते पटायचं नाही. गल्लीतल्या चार बायका पिल्लं धरणार, मी आणि मदतनीस थेंब टाकणार, आणि प्रत्येक, अक्षरशः प्रत्येक पिल्लू ताईंच्या समोरून जाणार. त्या अंगठ्यानं चोच उघडायच्या, "निळी" म्हणायच्या, आणि मगच ते फळीपलीकडे सुटायचं. निळी, निळी, निळी. दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा. धरणाऱ्या बायका म्हणायच्या, "ताई, देवाचं नाव घेतलं असतं इतक्यांदा तर पुण्य तरी लागलं असतं." ताई म्हणायच्या, "देव दिसत न्हाई, जीभ दिसती."

त्या वर्षी त्यांच्या आधीच्या दोन बॅच वाया गेल्या होत्या. एक उन्हाळ्यात उकाड्यानं, दुसरी पावसाळ्यात रोगानं. जमीन त्यांची आणि त्यांच्या दिराची मिळून. दीर म्हणजे संपतराव, गुडघे दुखणारा, मितभाषी माणूस, मुलगा हिंजवडीत कॉम्प्युटरवर. बिल्डरला जमीन हवी होती ती अखंड, अर्धी नको. संपतरावांनी दिवाळीत चार वडीलधाऱ्यांसमोर विषय काढला आणि तिथेच ठरलं. ही थंडीतली बॅच नीट पार पडली तर पाच वर्षं त्यांनी जमिनीचं नाव काढायचं नाही. हीही गेली तर वहिनींनी सही करायची. हे मला ताईंनीच सांगितलं, तूस पसरता पसरता. "शेड गेली तर मी काय करू, म्याडम? फ्लॅटच्या ग्यालरीत बसून लिफ्ट वर-खाली जाताना बगू?"

मी म्हटलं, "ताई, मी आहे ना." असली वाक्यं मी तेव्हा सहज टाकत असे.

पिल्लं आली ती गारठून. अंडी उबवतात त्या हॅचरीची गाडी पहाटे निघाली आणि नगर रस्त्यावर वाघोलीच्या कोंडीत अडकली. पुढे कंटेनर बंद पडलेला, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, आणि मधे आमची एका दिवसाची चार हजार बाळं, बोचऱ्या वाऱ्यात. दिवस चांगला वर आल्यावर खोकी उतरवली तेव्हा पिल्लांचे पाय हाताला थंडगार लागत होते. ताईंनी एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाणी पाजलं. दोन दिवस आम्ही त्या दिव्यांखाली जवळजवळ राहायलाच होतो. पिल्लं तगली, पण मलूल होती. मुठीत घेतलं की पीस आणि हाडं तेवढी लागायची.

पाचव्या दिवशी लस. माझ्या बर्फाच्या डब्यात नेहमीची जोडलस होती, एकाच कुपीत दोन रोगांची. एक राणीखेत, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, कारण पक्षी खरोखर मान पिरगाळून मरतो. दुसरा ब्रॉन्कायटिस, पक्ष्यांचा श्वासनलिकेचा खोकला. या जिवंत लसी असतात. म्हणजे रोगाचाच विषाणू, पण मवाळ केलेला. तो घशात घर करतो, दोन दिवस थोडी सर्दी आणतो, आणि तेवढ्यात शरीर त्याच्याशी भांडायला शिकतं.

ताईंनी कुपी पाहिली, पिल्लांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "म्याडम, ह्यांचा जीव बगा केवढासा. दोन-दोन रोग एकदम कशापायी घालताय नरड्यात? एक सोसू द्या आधी. मग दुसरं घाला की."

आता हे वाक्य किती शहाणं वाटतं बघा! कुठलीही आई हेच म्हणेल. तापातून उठलेल्या पोराला आपण एकदम पुरणपोळी वाढत नाही, आधी मऊ भात देतो. माझ्या तळहातावर तेव्हा एक पिल्लू डोळे मिटून बसलं होतं, आणि माझं काळीज विरघळलं. मी जोडलस डब्यात परत ठेवली, गाडी पिटाळून दोन वेगळ्या कुप्या मागवल्या, त्या दिवशी ब्रॉन्कायटिसचा थेंब दिला आणि चार दिवसांनी राणीखेतचा. दोन्ही वेळा चार हजार जिभा निळ्या झाल्या. ताई खूश. मी तर स्वतःवर फारच खूश.

मागच्याच आठवड्यात आमच्या कंपनीत नव्या डॉक्टरांना मी हेच शिकवत होते. त्यातली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "पण मॅम, दोन व्हायरस टुगेदर? इतक्या छोट्या बर्डला ओव्हरलोड नाही होणार?" मी तिला म्हटलं, पंगत आठव. दोघे जण बरोबर आले तर दोघांनाही पान मिळतं. पण एक जण आधी येऊन जेवायला बसला, आणि दुसरा मधेच, वाढप ऐन जोरात असताना आला, तर त्याला दारातच थांबवतात. घशाचं तसंच आहे. पहिला विषाणू शिरला की शरीर दारं लावून घेतं आणि काही दिवस कुणालाच आत घेत नाही, आपण पाठवलेल्या पाहुण्यालाही नाही. म्हणून एक तर दोन्ही लसी एकदम, प्रमाण जुळवलेल्या कुपीतून, नाहीतर मधे चांगलं दहा-पंधरा दिवसांचं अंतर. चार दिवस म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. मुलीनं वहीत लिहून घेतलं. मीही एकदा असंच लिहून घेतलं होतं, परीक्षेत उत्तर लिहून मार्कही मिळवले होते. माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी मऊ पडते ती अशी, हातात काहीतरी ऊबदार असताना.

लस बसली की नाही हे शेड सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी, खाद्य टाकायच्या आधी, आत जाऊन नुसतं उभं राहायचं. भांडी वाजवायची नाहीत, खोकायचं नाही. मिनिटभरात पिल्लं तुम्हाला विसरतात आणि मग ऐकू येतात त्या शिंका. बारीक, कोरड्या, इथे एक, तिथे एक. फुटाणे भाजायला घेतले की पहिले काही उडतात ना, तशा. पहिल्या थेंबानंतर त्या आल्या होत्या. दुसऱ्या थेंबानंतर चौथ्या दिवशी मी उभी राहिले तर शेड शांत. ताई कुजबुजल्या, "सोसली बगा पोरांनी. एक सुदीक शिंकत न्हाई." मी मान डोलावली. "म्हटलं नव्हतं का?" असंही म्हणाले. हे वाक्य आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्याच सकाळी मी तिथून लोणीकंदच्या एका शेडवर गेले. तिथल्या पिल्लांना नेहमीची जोडलस दिली होती, त्यांचाही चौथा दिवस होता. आत उभी राहिले आणि शिंका. इथे, तिथे, कोपऱ्यात. ठणठणीत, खेळती पिल्लं, आणि शिंकतायत. मी परत निघाले, वाघोलीच्या सिग्नलला थांबले, आणि तिथे, पुढच्या टेम्पोवर रंगवलेलं "आई-वडिलांचा आशीर्वाद" वाचता वाचता मला सगळं कळलं. ताईंच्या शेडमधली शांतता चांगली नव्हती. पाहुणा दारातून परत गेला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

खात्री हवी म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीची तपासणी म्हणत वीसेक पिल्लांचं रक्त घेतलं. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून निरोप आला. राणीखेतविरुद्धची ताकद नावापुरती, आईकडून अंड्यातून आली तेवढीच, आणि तीही आता ओसरत चाललेली. त्याच दिवशी बातमी आली की ताईंच्या शेडमागच्या ओढ्यापलीकडे, वस्तीत दोन घरांतल्या कोंबड्या माना वाकड्या करून पडल्या.

कुणाला न सांगता निभावता आलं असतं, हे इथे कबूल केलं पाहिजे. "आजूबाजूला रोग आलाय, म्हणून एक जादा डोस देऊ" एवढं म्हटलं असतं तरी कुणी काही विचारलं नसतं. ब्रॉन्कायटिसचा थेंब देऊन आता अकरा दिवस झाले होते, घसा मोकळा झाला होता, राणीखेतची लस या वेळी बसली असती. मी गाडीत बसून हे वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. छान जमत होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "तू शाळेत असताना गृहपाठ केला नसलास तर वही घरी राहिली म्हणायचीस. मला कळायचं. त्या बाईलाही कळेल."

शेडवर पोचले तर संपतरावही ओट्यावर बसलेले. मी म्हटलं, ताईंशी एकटीशी बोलायचंय. ताई म्हणाल्या, "बोला की, भावजी काय परके न्हाईत." झालं! ज्या माणसापुढे बोलायला नको होतं त्याच्याच पुढे मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन लसी वेगळ्या देणं ही चूक होती. दुसरी बसली नाही. पिल्लं मानमोडीपुढे उघडी आहेत.

ताईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जीभ निळी झाली हुती की."

"झाली होती. थेंब पोचला, ताई. लस नाही बसली."

"मीच म्हनले हुते, एक-एक घाला म्हनून."

"तुम्ही म्हणालात ते मायेनं. मी डॉक्टर आहे, मी नाही म्हणायला हवं होतं. चूक माझी आहे."

संपतराव काठी टेकत उठले. मला वाटलं, आता बोलणार, सहीचा कागद आजच आणतो म्हणणार. ते म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा. रडगाणं मागनं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सगळं मांडलं. मोठ्या शेडवर पाण्यातून लस देतात, सोपं पडतं. पण मला एकही पक्षी सुटायला नको होता, म्हणून पुन्हा थेंब. पिल्लं आता सतरा दिवसांची, मुठीत न मावणारी, नखं मारणारी. धरणाऱ्या बायकांच्या हातांवर ओरखडे उठले. ताई पाटावर बसून चोची उघडत होत्या, पण त्या दिवशी तोंडानं एक शब्द नाही. बघायच्या आणि सोडायच्या. चार हजार पक्षी त्या शांततेतून गेले. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि संपतराव दिवसभर फाटकात. चुन्याची पट्टी आखलेली, जंतुनाशकाची घमेली ठेवलेली, येईल त्याला पाय बुडवायला लावत होते. दुपारी बिल्डरचा माणूस मोटारसायकलवरून सहज चौकशीला आला, त्याला त्यांनी फाटकाबाहेरूनच परत लावलं. मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मला जमीन पायजे हे खरं हाय म्याडम, खोटं कशाला बोलू? पर ती पाखरं मरून नगं." त्या माणसाबद्दल मी मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं मला तिथेच गिळावं लागलं.

मग वाट बघणं. पहिला दिवस, दुसरा दिवस. ओढ्यापलीकडे आणखी एका घरी कोंबड्या मेल्या. मी रोज सकाळी येऊन उभी राहायची आणि ताई माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहायच्या. चौथ्या सकाळी पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती, तुसाची धूळ त्यात तरंगत होती. एक शिंक आली. पाण्याच्या नळीजवळून दुसरी. मग कोपऱ्यातून दोन एकदम. ताईंनी माझं मनगट गच्च पकडलं आणि शेडभर तडतड सुरू झाली. आयुष्यात मी बरीच चांगली गाणी ऐकली आहेत, सवाईच्या मंडपात मांडी मोडेपर्यंत बसले आहे. पण त्या सकाळच्या शिंकांइतकं सुखाचं काही ऐकलेलं नाही. मी तिथेच, तुसात उभी राहून, भोकाड पसरून रडले. ताई म्हणाल्या, "अवो हळू. पाखरं बुजतील."

मानमोडी त्या थंडीत ओढा ओलांडून आली नाही असं मी म्हणणार नाही. बहुधा आली असेल. चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी थोडे पक्षी मलूल झाले, काही मेले, आणि तिथेच थांबलं. उरलेल्यांनी मान सरळ ठेवून खाद्य खाल्लं. एकेचाळिसाव्या दिवशी गाडी भरली. संपतराव रिकाम्या शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले, वहिनींना म्हणाले, "पाच वर्षं," आणि घरी गेले.

मी मात्र भेटीच्या अहवालात सगळं लिहिलं होतं. दोन लसींत चार दिवसांचं अंतर ठेवलं, निर्णय माझा, चुकीचा. आमच्या व्यवस्थापकांनी तो वाचला आणि सभ्य माणसासारखं, आवाज न चढवता सांगितलं की पुढच्या बॅचपासून वाघोलीला दुसरे डॉक्टर जातील. अनुभवी आहेत, आजवर त्यांच्या नावावर एकही तक्रार नाही. मी "बरोबर आहे" म्हटलं. बरोबरच होतं. घरी येऊन दोन दिवस जेवण गेलं नाही. आईनं एकही शेरा मारला नाही, यावरून माझं तोंड कसं दिसत असेल ते समजा.

आठवड्याभरानं व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज जरा गोंधळलेला होता.

"त्या मंदाताई ऑफिसात येऊन बसल्या होत्या सकाळपासून. तुम्हीच हव्यात म्हणतात. मी सांगितलं, नवे डॉक्टर फार चांगले आहेत, त्यांचं कधी काही चुकत नाही."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, 'त्यांचं चुकत न्हाई म्हंता. मग चुकल तवा मला कोन सांगनार?'" त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. "वाघोलीपुढे पुन्हा तुमचंच नाव लिहिलंय. उद्या पिल्लं येतायत. तुम्ही जा."